डी ड्राइव्हमधला धवला

माझा कॉम्प्युटर सतरा वर्षांचा आहे. मी त्याला म्हातारा म्हणते. तो सुरू होईपर्यंत माझ्या चार भाकऱ्या भाजून होतात, म्हणून सकाळी एकदा चालू केला की मी तो रात्रीपर्यंत बंदच करत नाही. इंटरनेट त्याच्यावर चालेनासं झालं त्यालाही सहा-सात वर्षं झाली. घरातले सगळे म्हणतात, भंगारवाल्याला दे. मी देत नाही, कारण त्याच्या डी ड्राइव्हमध्ये माझे एकशे बेचाळीस धवले आहेत.

धवला म्हणजे आमच्या आगरी लग्नातलं गाणं. भटजी येतो तो नंतर. त्याआधी हळद कुटायची, पाट मांडायचा, नवरीला हळद लावायची, आणि यातलं एकेक काम धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती गाऊ लागली की बायकांचे हात चालतात, ती थांबली की हात थांबतात. आमच्या करावे गावात अशा पाच-सहा धवलारणी होत्या. आता एकटी बायजाबाई उरली आहे. बाकीच्यांच्या जागी डीजे आला.

मी बेलापूरच्या एका शाळेत क्लार्क आहे. आठवडाभर दाखले आणि हजेरीपट यांच्यात मान घालायची आणि शनिवारी दुपारी एकेका म्हातारीला रिक्षात घालून घरी आणायची, असं मी अनेक वर्षं केलं. चहा पाजायचा, कॉम्प्युटरला माइक जोडायचा आणि म्हणायचं, आये, गा. आमचे हे, धर्मराज, न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करतात. ते चेष्टेत म्हणायचे, "हिला पोर नाय, म्हनून ही म्हाताऱ्या पोसते." चेष्टा असली तरी झोंबायची. मी म्हणायची, "म्हाताऱ्या निदान माझं ऐकतात."

दोन वर्षांपूर्वी बायजाबाईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या आठवड्यात ती बोलावल्याशिवाय, काठी टेकत आली आणि म्हणाली, "दार लाव. आज येगलं गानार हाय."

तिची एकुलती मुलगी जागृती काविळीनं गेली, तेव्हा जागृतीची नमिता दोन वर्षांची होती. जावयानं दुसरं लग्न केलं आणि नमिताला आजीकडे आणून सोडलं. बायजाबाईनं तिला वाढवलं, शिकवलं. आता ऑपरेशनच्या भीतीनं तिनं स्वतः एक धवला रचला होता. तो नमिताच्या हळदीसाठी होता, आणि त्यात ती मेलेल्या मुलीला बोलावत होती.

ये गो जागू ये, मिठागराचे बांधानी ये,
पाट मांडला हाय गो, तुझे पोरीला तू हलद दे.

जागृती लहानपणी मिठागराच्या बांधावरून शाळेत जायची. तिथे आता टॉवर उभे आहेत. गाण्यात मात्र बांध जसाच्या तसा होता, त्यावरून येणारी मुलगी होती, आणि दारात उभी राहून वाट पाहणारी आई होती. तिसऱ्या कडव्यात बायजाबाईचा आवाज फुटला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "थांब आये, थांब. पानी पी." माइक चालूच होता. तिनं पाणी पिऊन पदरानं तोंड पुसलं आणि पुढचं गायलं.

मग तिनं माझा हात धरला. "मी जित्ती असलू तरी त्या दिवशी माझ्याच्यानं हे गावनार नाय, रडू येल. तू नमीचे हलदीला हे लाव. आतले खोलीत, बायका-बायकांत, येकदाच. तवर कोनाला आयकवू नको. नमीला पन नाय."

मी तिला शब्द दिला. फोनवर रेकॉर्ड केलं नाही याचं मला तेव्हा केवढं समाधान वाटलं होतं! फोनवरचं गाणं गावभर व्हायला किती वेळ लागतो? माझा म्हातारा बरा, कोणाशी बोलत नाही, कुठे जात नाही. गाण्यातला माझा आवाज कापून टाकता आला असता, पण त्याच्याबरोबर तिचा हुंदकाही गेला असता, म्हणून मी तसंच राहू दिलं. "बायजा आय" नावाचा फोल्डर केला आणि त्यात ते ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. म्हातारी उठून बसली, पुन्हा लग्नांत गाऊ लागली. नमिताचं लग्न ठरलं, यंदाच्या मे महिन्यातलं. आणि दिवाळीनंतर माझा कॉम्प्युटर टकटक करू लागला.

इथे धनेश येतो. धनेश माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा, वय सव्वीस. आमची बिल्डिंग म्हणजे गावठाणातलं घर वाढवत नेलेलं. तळमजल्यावर आम्ही, वरच्या मजल्यावर दीर, मीनावहिनी आणि धनेश. मधे चौदा पायऱ्या. पाण्याची टाकी एक, वायफाय एक, आणि दिवसा कोणाच्याच दाराला कडी नसते. धनेश शाळेतून आला की आधी माझ्याकडे जेवायचा, मग वर जायचा. याच म्हाताऱ्यावर मी त्याला मराठी टायपिंग शिकवलं. आता तो हळदीची डीजे गाणी बनवतो. नवा, महागडा लॅपटॉप आहे त्याच्याकडे.

त्यानं कॉम्प्युटरला कान लावला आणि म्हणाला, "काकी, हार्ड डिस्क चाललीय. आज नाय तर उद्या."

मी घाईनं म्हटलं, "मग पेनड्राइव्हमध्ये घे ना सगळं."

"याचा एकच यूएसबी जिवंत हाय. तो पन माझा पेनड्राइव्ह ओळखत नाय. नेटवर्कवरून घेतो. तुझा म्हातारा आणि माझा लॅपटॉप एकाच राउटरवर आणू, मग तुझ्या फायली मला माझ्याकडे दिसतील. तिथून नव्या डिस्कवर टाकून देतो."

रविवारी सकाळी त्यानं राउटरपासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत निळी वायर ओढली. कितीतरी वर्षांनी म्हातारा कशाला तरी जोडला गेला. पण लॅपटॉपला तो दिसेच ना. दोघं एका टेबलावर, एका राउटरवर, आणि एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. मी म्हटलं, "या दोघांचं जावा-जावांसारखं झालंय." धनेश हसला. त्यानं समजावलं, की जुनी मशिनं ज्या पद्धतीनं फायली देतात-घेतात ती पद्धत नव्यांनी बंद करून टाकली आहे, कारण तिच्यातून चोर शिरतात. त्यानं लॅपटॉपवर ती मुद्दाम चालू केली. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर माझ्या कॉम्प्युटरचं नाव आलं. सुचिता-पीसी. मला उगाच आनंद झाला.

धनेशनं त्यावर क्लिक केलं तर लॅपटॉपनं पुन्हा एक सूचना दाखवली.

"आता काय झालं?"

"तुझ्या मशिनला पासवर्ड नाय ना, म्हनून हा आत जायला तयार नाय. सेफ नाय म्हनतो." तो खुर्ची वळवून माझ्याकडे बघत बोलला. "दोन रस्ते हायत. तुझ्यावर पासवर्ड टाकू, मग ज्याला माहीत तोच आत येईल. नायतर मी माझ्याकडचं चेकिंग बंद करतो, मग डायरेक्ट."

मला हसू आलं. "घरातल्या घरात पासवर्ड? उद्या वहिनीकडे साखर मागायला जाताना आधारकार्ड घेऊन जाऊ का?"

"टाकू या ना काकी, दोन मिनिटांचं काम."

"नको. मला लक्षात राहणार नाही, आणि आपल्यात कसलं कुलूप? बंद कर तुझं ते चेकिंग."

त्यानं बंद केलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो स्वतः पासवर्ड टाकू म्हणत होता, त्याचा लॅपटॉपही तेच म्हणत होता. त्या खोलीत अक्कल नसलेली मी एकटीच होते.

एकेक फोल्डर कुठे शेअर करत बसायचं, म्हणून त्यानं अख्खा डी ड्राइव्ह शेअर केला. फायली सरकू लागल्या. मी बाजूला बसून हिरवी पट्टी भरताना बघत होते, आणि तेवढ्यात "बायजा आय" हे नाव आलं.

मी म्हटलं, "हा कॉपी कर, पण उघडायचा नाही. ऐकायचा नाही."

"का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सांगावंसं वाटलं. एवढी मोठी गोष्ट कोणीतरी माझ्यावर सोपवली आहे, हे घरात एकाला तरी कळावं असं वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. जागृतीचं, बांधाचं, बायजाबाईच्या फुटलेल्या आवाजाचं. सांगताना मलाच रडू आलं. त्याचेही डोळे भरले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं माझ्या डोक्याला हात लावला. "काकी, तुझी शप्पथ. कोनाला नाय कळनार."

संध्याकाळी त्यानं सगळे धवले नव्या डिस्कवर टाकून डिस्क माझ्या हातात दिली आणि स्वतःच्या लॅपटॉपवरचे माझ्यासमोर डिलीट केले. निळी वायर तशीच राहिली. मी म्हटलं, असू दे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

फेब्रुवारीत, लग्नसराई जोरात असताना, शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या संघप्रिया मॅडमनी माझ्यापुढे मोबाइल धरला. "सुचिताताई, हे ऐका. तुमच्याकडच्या हळदीचं गाणं आहे. आमच्या कॉलनीतली पोरं पण नाचतायत यावर. आणि यातला एक आवाज अगदी तुमच्यासारखा वाटतो हो."

पिवळे टी-शर्ट घातलेली पन्नासएक पोरं एका मांडवात उड्या मारत होती. ढोल वाजत होता. मधेच ढोल थांबला आणि एका म्हातारीचा आवाज आला, ये गो जागू ये. आवाज ताणत ताणत वर गेला, फुटला, हुंदका आला, आणि लगेच माझा आवाज. थांब. थांब. थांब थांब थांब. पानी पी. त्यावर बीट कोसळला आणि पोरांनी बाटल्यांतलं पाणी एकमेकांच्या डोक्यावर ओतलं. पुन्हा हुंदका, पुन्हा मी. पानी पी, पानी पी.

माझा डबा उघडा होता. त्यात वांग्याची भाजी होती. मी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत होते आणि ते लागत नव्हतं. मॅडम विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "हो, माझाच आहे आवाज." खोटं तरी काय बोलणार? खाली नाव होतं, डीजे धनेश करावेकर. गायिका म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. लिहिलं होतं, पारंपरिक. पारंपरिक म्हणजे जिच्या वतीनं भांडायला कोणी येणार नाही तिचं.

अर्धी रजा टाकून मी घरी आले. चपला न काढता चौदा पायऱ्या चढले. धनेश हेडफोन लावून बसला होता. मला बघून त्यानं हेडफोन काढले, आणि त्याचा चेहरा पडला असता तरी मला थोडं बरं वाटलं असतं. तो खुलला.

"काकी! आयकलंस? कसं वाटलं? तुझाच आवाज हिट झालाय. सगळे विचारतात, ही पानी पी वाली कोन?"

"तू माझ्यासमोर डिलीट केलं होतंस."

"केलं होतं. खरंच केलं होतं. नंतर परत घेतलं."

"कधी?"

"जानेवारीत. एक गानं पायजे होतं, वेगळं काहीतरी. मना तुझं ते सारखं आठवत होतं. म्हातारा चालूच होता, शेअरिंग पन चालू होतं. इथूनच घेतलं."

"मी कुठे होते?"

"खालीच होतीस. आवाज येत होता कुकरचा."

मी खाली कुकर लावत होते, आणि तो वर बसून माझ्या घरात शिरत होता. मी म्हटलं, "चौदा पायऱ्या आहेत रे. खाली येऊन विचारायचं नाही?"

"तू नाय म्हनाली असतीस."

त्यानं हे इतकं सरळ सांगितलं, की त्याला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. चोराला भीती असते. या पोराला माझी भीती नव्हती, लाज नव्हती, फक्त माझं 'नाही' ऐकायचा कंटाळा होता. ज्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ घेतली ते डोकं घेऊन मी त्याच्यासमोर उभी होते, आणि तो मला किती लोकांनी ते गाणं ऐकलं याचा आकडा दाखवत होता.

"काढून टाक," मी म्हटलं.

"काढून काय फायदा? सगल्या डीजेंनी उतरवून घेतलंय. आनि काकी, लग्नात एकदा वाजून संपलं असतं ते. आता लाखो लोकांनी आयकलं. नमीला पन आवडेल बघ."

"ते तिच्या आईचं गाणं आहे, धनेश! तुला माहीत होतं."

त्यानं लॅपटॉपकडे मान वळवली. मीनावहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "सुचिता, पोराचं पहिल्यांदा नाव झालंय. ओरडू नको त्याच्यावर. म्हातारीला काय कलतंय रीलमधलं?"

संध्याकाळी धर्मराज आले. मला वाटलं, निदान हे तरी. त्यांनी गाणं ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि मोबाइल उलटा ठेवला. "वाईट केलं पोरानं. पन आता घरातलं घरात ठेव. तू बायजाबाईकडे जाऊन त्याचं नाव घेतलंस तर गावात तोंड दाखवायला जागा रानार नाय. दादाला कलेल, मग दोन भाऊ दोन तोंडाला. बिल्डिंग एक हाय आपली."

"आणि माझा शब्द?"

"सांग ना, चुकून गेलं. कॉम्प्युटरमधून जातात फायली. लोकांना काय समजतंय?"

चुकून गेलं. मी म्हाताऱ्याच्या मागे वाकून निळी वायर उपटली. काय उपयोग होता? पण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बायजाबाईकडे गेले. वाटभर ठरवत होते, सगळं सांगायचं, नाव घेऊन सांगायचं. ती ओट्यावर बसून सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होती. नमिता कामावर गेली होती. मी समोर बसले तरी तिनं मान वर केली नाही.

"परवा मागच्या गल्लीत हलद होती," ती म्हणाली. "मी पडलेली होतू. स्पीकरमधून माझीच आरोली आयकू आली. मना वाटलं, मेलू मी."

"आये..."

"मंग तू बोललीस. पानी पी." तिनं जवळ्यातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तवा समजलं, जित्ती हाय."

"आये, मी नाही दिलं ते कोणाला. तुझी शपथ."

"मंग कोनी दिलं?"

तिनं आता माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर तिचे डोळे खोल गेले आहेत. मला नाव घ्यायचं होतं. धनेश, एवढी तीनच तर अक्षरं. मला ह्यांचा उलटा ठेवलेला मोबाइल आठवला, दीर आठवले, वहिनी आठवल्या, आणि चौथीत असताना तापानं फणफणलेला धनेश माझ्या मांडीवर झोपला होता तोही आठवला, मेला. मी म्हटलं, "माझ्या घरातून गेलं, आये. कॉम्प्युटरमधून. चुकून."

"चुकून," ती म्हणाली.

ती पुन्हा जवळा निवडू लागली.  शेवटी तिनं सूप झटकलं आणि म्हणाली, "नमीला मी सांगलं नाय ते तिचे हलदीचं गानं हाय. तू पन सांगू नको. लग्नाला ये. नाय आलीस तर ती मना विचारंल, काकी का नाय आली."

लग्नाला ये म्हणाली, याच्यावर मी तीन महिने काढले. तिनं माफ केलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. घरात धनेशशी बोलणं सोडलं. त्याचं काही अडलं नाही. मीनावहिनी वाटीभर काही पाठवायच्या, मी वाटी धुऊन परत पाठवायची. धर्मराज म्हणायचे, "किती ताणशील?" जणू मीच एक टोक धरून ओढत होते. गावात कोणी भेटलं की म्हणायचं, "काय पानी पी, कशी हायस?" आणि वर म्हणायचं, "बायजाबाईचा आवाज पुतन्याला बरा विकलास!" मी हसून पुढे जायची. खरं सांगायला तीनच अक्षरं लागत होती, आणि ती मी गिळून बसले होते. घरातल्या माणसांनी मला फसवलं आणि त्यांची अब्रू मीच सांभाळत होते.

मे महिन्यात नमिताची हळद आली. दुपारचे चार वाजले होते. बाहेर मांडवात धनेश स्पीकर लावत होता. त्यालाच काम दिलं होतं. गाणं त्यानं बनवलं हे सगळ्यांना माहीत होतं, ते मला न विचारता घेतलं हे कोणाला माहीत? नमिताच्या मैत्रिणी त्याच्याभोवती गोळा होऊन फोटो काढत होत्या. मला बघून तो जरा बाजूला झाला. तेवढं तरी केलं.

मी हिरवी साडी नेसले होते. हातात नमितासाठी नवी बांगड्यांची पेटी होती. आतल्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधे पाटावर नमिता, पिवळी साडी, मोकळे केस, हसरी. हुबेहूब जागृती. बाजूला भिंतीला टेकून बायजाबाई बसली होती आणि डोळे मिटून धवला गात होती. ते गाणं नाही, नेहमीचा, सगळ्यांच्या हळदीला म्हणतात तो. आवाज बारीक झाला होता, पण सूर जागेवर होता. त्या सुरावर बायकांचे हात चालत होते. कोणी नमिताच्या पायाला हळद लावत होतं, कोणी हाताला. हळदीचं ताट मीनावहिनींच्या मांडीवर होतं. गावातल्या मानाच्या सवाशीण म्हणून त्यांना ताट दिलं होतं.

मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. नमिता म्हणाली, "काकी आली!"

बायजाबाईनं डोळे उघडले. मला पाहिलं. आणि ओळ अर्धी असताना ती थांबली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. वाटलं, दम लागला असेल. मग बायकांचे हात एकेक करून थांबले. हळदीनं माखलेली बोटं हवेत राहिली. कोणीतरी म्हणालं, "गा ना आये." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. कपाटाला कडी घालताना माणूस जसा बघतो तशी ती बघत होती. माझ्यासमोर ती आता गाणार नव्हती, एवढंच.

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. पाटावर नमिता अर्ध्या हळदीत बसली होती आणि तिला काही कळत नव्हतं. ती आजीकडे बघायची, माझ्याकडे बघायची. सगळा विधी माझ्यामुळे अडला होता.

त्या खोलीत खरं माहीत असलेल्या आम्ही दोघीच होतो. मी मीनावहिनींकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरे होतं. तिनं नाही दिलं, बायजाआय, एवढं जरी म्हणाल्या असत्या. नाव घ्यायचीही गरज नव्हती. बाहेर त्यांच्या पोराचा आवाज येत होता, चेक, चेक, वन टू. वहिनींनी ताटातली हळद बोटांनी सारखी केली. पुन्हा एकदा सारखी केली. मान वर केली नाही.

मी बांगड्यांची पेटी उंबऱ्याशी ठेवली आणि वळले. बाहेर येऊन चपलांच्या ढिगात माझी चप्पल शोधू लागले. एक पाय सापडला, दुसरा सापडेना. मी वाकून शोधत होते तेव्हा आत बायजाबाईनं तीच अर्धी ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली, आणि बायकांच्या बांगड्या वाजू लागल्या.